डाव्या साखरेला दार कोण उघडतं?

सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, मिळणाऱ्या औषधाच्या बाटलीवर आता सहसा तीन नावं छापलेली असतात. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडीन ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. रोज एक गोळी, शक्यतो ठरलेल्या वेळी. एचआयव्हीचा संसर्ग म्हणजे थोड्या वर्षांत मृत्यू, हे जुनं समीकरण ज्या औषधांनी मोडलं त्यांत ही तिन्ही आहेत. पण मधल्या नावाची गोष्ट निराळी आहे. लॅमिव्ह्युडीनच्या रेणूत साखरेच्या जागी जे कडं आहे ते उलट्या बाजूचं आहे, आरशात दिसावं तसं. गवतापासून हत्तीपर्यंत आणि जिवाणूपासून माणसापर्यंत कोणाच्याही डीएनएच्या धाग्यात या बाजूची साखर सापडत नाही.

तरीही आपली पेशी हा उलटा रेणू आत घेते. त्याच्यावर तीन टप्प्यांत काम करते, त्याला वापरायोग्य करते आणि विषाणूच्या पुढ्यात ठेवते. विषाणूही तो बिनदिक्कत उचलतो आणि तिथेच त्याचं काम थांबतं. पेशीतल्या ज्या एन्झाइमांनी हा परका रेणू पहिल्या पायरीवरच परत पाठवायला हवा होता, त्यांनी त्याला आत कसं सोडलं? आणि ज्या एन्झाइमांनी आत सोडलं असतं तर आपलंच नुकसान झालं असतं, त्यांनी मात्र तो बरोबर कसा ओळखला?

डावं-उजवं म्हणजे काय, ते आधी पाहू. डाव्या सोंडेच्या गणपतीसमोर आरसा धरला तर आत उजव्या सोंडेचा गणपती दिसतो. माती तीच, वजन तेच, हात तितकेच; फक्त मोदकही दुसऱ्या हातात गेलेला असतो. पण दोघांचे नियम एक नाहीत. एक घरोघरी सहज बसतो, दुसऱ्याचं सोवळं कडक, म्हणून त्याच्या दर्शनाला आपण सिद्धटेकला किंवा प्रभादेवीला जातो. कर्बाच्या अणूला चार वेगळे शेजारी जोडले की रेणूंच्या जगातही अशीच जोडी तयार होते. अणू तेच, बंध तेच, वितळण्याचं तापमानही तेच. पण एकाला कसंही फिरवलं तरी तो दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाही. डीएनएतली डीऑक्सिरायबोज ही साखर सर्व सजीवांनी उजवी निवडली आणि प्रथिनांमधली अमिनो आम्लं डावी. ही निवड का झाली यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. आपल्याला इथे एवढंच हवं की निवड झाली आणि ती सगळीकडे सारखी आहे.

हे प्रथम हाताळून दाखवलं ते लुई पाश्चरने, १८४८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत साचणाऱ्या टार्टारिक आम्लाचा एक भाऊबंद होता. रसायन तेच, पण तो ध्रुवीकृत प्रकाशाला कुठल्याच बाजूला वळवत नसे. पाश्चरने त्याचा सोडियम-अमोनियम क्षार तयार केला, स्फटिक वाढू दिले आणि भिंगाखाली पाहिलं. स्फटिकांच्या कडेला एक लहानसा तिरपा पैलू होता, काहींना उजवीकडे, काहींना डावीकडे. त्याने चिमट्याने एकेक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवत होतं, दुसऱ्याचं डावीकडे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बियो या भौतिकशास्त्रज्ञाचा विश्वास बसेना, म्हणून त्याने पाश्चरला बोलावून आपल्या डोळ्यांसमोर तो प्रयोग पुन्हा करायला लावला. यात नशिबाचाही वाटा होता. साधारण सत्तावीस अंशांच्या वर हे स्फटिक असे वेगळे पडतच नाहीत. हाच प्रयोग कोणी मे महिन्यात मुंबईत केला असता तर त्याच्या हाती काही लागलं नसतं.

पुढे दहाएक वर्षांनी पाश्चरनेच आणखी एक गोष्ट पाहिली. दोन्ही बाजूंच्या मिश्रणावर बुरशी वाढवली, तर ती उजवं टार्ट्रेट खाऊन टाकते आणि डावं तसंच मागे ठेवते. जिवंत गोष्टींना डावं-उजवं कळतं, याचा तो पहिला पुरावा. १८९४ मध्ये एमिल फिशरने कुलूप-किल्लीची उपमा दिली, आणि पुढची शंभर वर्षं जीवरसायनाच्या पाठ्यपुस्तकांनी ती इतकी घोटली की तिचा नियमच झाला: एन्झाइम एकाच हाताचा रेणू घेतं, आरशातला रेणू त्याच्या लेखी नसतोच.

*

या नियमावर इतका विश्वास होता की लॅमिव्ह्युडीन जवळजवळ चुकून हाती आलं. १९८९ च्या जूनमध्ये मॉन्ट्रिअलला पाचवी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली. तिथे बर्नार्ड बेलो या कॅनेडियन रसायनशास्त्रज्ञाने आयएएफ बायोकेम या छोट्या कंपनीचा एक नवा रेणू मांडला. नाव बीसीएच-१८९. साखरेच्या कड्यातला एक कर्ब काढून तिथे गंधक बसवलेलं. त्यामुळे पुढची कडी जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गटच तिथे उरला नाही. हा रेणू एकदा विषाणूच्या डीएनएत शिरला की धागा तिथेच खुंटणार, ही कल्पना. प्रयोगशाळेत बनवलेला हा रेणू अर्धा उजवा, अर्धा डावा असा मिश्रणातच होता. औषधी गुण असलाच तर तो उजव्यात असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. डावा म्हणजे निव्वळ भर. त्याच सुमारास अटलांटाच्या एमरी विद्यापीठात डेनिस लिओटा, रेमंड शिनाझी आणि वू-बेक चोई याच कुळातल्या रेणूंवर काम करत होते. त्यांच्या कामातून पुढे एम्ट्रिसिटाबीन निघालं. त्यावरच्या रॉयल्टीचा हक्क एमरीने २००५ मध्ये साडेबावन्न कोटी डॉलरला विकला. बेलो मात्र परिषदेनंतर तीन महिन्यांत वारले.

मिश्रण वेगळं केलं तेव्हा गृहीत कोसळलं. ग्लॅक्सोच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं की दोन्ही रूपं एचआयव्हीला अडवतात. पेशींना अधिक विषारी ठरलं ते उजवं, म्हणजे नैसर्गिक बाजूचं रूप. ज्याची किंमत शून्य धरली होती ते डावं रूपच अधिक निरुपद्रवी निघालं. १९९५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत त्याला लॅमिव्ह्युडीन या नावाने परवानगी मिळाली, आणि डाव्या न्यूक्लिओसाइडचं, म्हणजे साखर आणि डीएनएचं एक अक्षर जोडलेल्या रेणूचं, ते पहिलं औषध ठरलं.

मिश्रण वेगळं करण्यातही एक गंमत होती. एका पद्धतीत ई. कोलाय जिवाणूतलं सायटिडीन डीअमिनेज हे एन्झाइम वापरलं होतं. ते उजव्या रेणूवरचा अमिनो गट काढून त्याचं वेगळंच रसायन करतं आणि डाव्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग उरलेलं डावं गाळून घ्यायचं. पाश्चरच्या बुरशीचीच ही युक्ती, फक्त सव्वाशेहून अधिक वर्षांनी आणि कारखान्याच्या मापाने. हेच डीअमिनेज माणसाच्या शरीरातही असतं, आणि तेही डाव्या रेणूला हात लावत नाही. येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांच्या गटाने १९९२ मध्येच दाखवलं की उजव्या रूपाची अशी मोडतोड होते, डावं मात्र टिकून राहतं. या एका ठिकाणचा काटेकोरपणा औषधाच्या कामी आला.

आज मात्र जिवाणूंची गरज नाही. लॅमिव्ह्युडीनचा डावेपणा पुदिन्यातून येतो. मेंथॉल, म्हणजे पानात, बामात आणि खोकल्याच्या गोळीत असतं ते थंड पेपरमिंट. निसर्गात ते एकाच हाताचं बनतं. कारखान्यात ग्लायऑक्सिलिक आम्लाला आधी मेंथॉल जोडतात आणि मग गंधकाचं कडं बांधतात. मेंथॉलसारखा अवजड आणि एकाच हाताचा सोबती असल्यावर नव्या कड्याच्या वेगवेगळ्या रूपांपैकी हवं तेच स्फटिक होऊन बाहेर पडतं, बाकीची द्रावणात राहतात. पुढे सायटोसीन हे डीएनएतलं अक्षर जोडून झालं की मेंथॉल काढून टाकतात. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या आसपासच्या शेतांत पिकणाऱ्या पुदिन्यामुळे नैसर्गिक मेंथॉलच्या उत्पादनात भारत जगात पुढे आहे. या रेणूची कोणती बाजू औषध व्हावी हे असं वनस्पतीच्या हातानेच ठरतं.

*

आता मूळ प्रश्नाकडे. न्यूक्लिओसाइड पेशीत शिरलं तरी तसंच्या तसं निरुपयोगी असतं. त्याला एकामागून एक तीन फॉस्फेट जोडावे लागतात. ही जोडणी करणाऱ्या एन्झाइमांना कायनेज म्हणतात, आणि पहिल्या फॉस्फेटला सगळ्यात जास्त महत्त्व. तो बसला की रेणूवर विद्युतभार येतो आणि मग त्याला पेशीच्या पडद्यातून सहज बाहेर जाता येत नाही.

१९९२ मध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या जैवरासायनिक आणि उत्क्रांतीविषयक आनुवंशिकी संस्थेत सिल्व्हिओ स्पादारी आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. थायमिडीन हे डीएनएच्या चार घटकांपैकी एक. त्यांनी त्याचं शुद्ध आरशातलं रूप घेतलं, बाकी काही न बदलता. माणसाच्या पेशीद्रवातल्या थायमिडीन कायनेजने ते मुळीच स्वीकारलं नाही. अगदी पाठ्यपुस्तकात लिहिल्यासारखं. मग त्यांनी हर्पीस विषाणूचं थायमिडीन कायनेज घेतलं. त्याने उजवं आणि डावं दोन्ही घेतलं, आणि डाव्या थायमिडीनने पेशींमधली विषाणूची वाढ कमी झाली. एकच काम करणारी दोन एन्झाइमं, एक माणसाचं आणि एक विषाणूचं. त्यांतलं एक बाजू पाहतं, दुसरं पाहत नाही.

विषाणू असा ढिसाळ का? हर्पीसचं हे एन्झाइम एरवीही उदार आहे. असायक्लोव्हिर हे औषध ज्यामुळे काम करतं ते हेच, कारण त्या औषधातही साखरेचं पूर्ण कडं नसतं. विश्रांतीतल्या पेशीत डीएनएचे घटक थोडेच असतात. तिथे विषाणूला जे मिळेल ते उचलावं लागतं, फार चोखंदळ राहून चालत नाही. मला हे स्पष्टीकरण पटतं, तरी ते अपुरंही वाटतं. कारण पाच वर्षांत त्याच पाव्हियाच्या गटाने दाखवलं की ढिसाळपणा विषाणूंपुरता नाही, तो आपल्यातही आहे.

आपल्या पेशींमध्ये डीऑक्सिसायटिडीन कायनेज नावाचं एन्झाइम असतं. त्याला उजवं डीऑक्सिसायटिडीन चालतं आणि डावंही चालतं. मायटोकॉन्ड्रियातलं थायमिडीन कायनेजही तसंच, दोन्ही बाजूंना मोकळं. म्हणजे पेशीद्रवातलं थायमिडीन कायनेज कडक आणि मायटोकॉन्ड्रियातलं त्याच कामाचं एन्झाइम सैल. लॅमिव्ह्युडीनला पहिला फॉस्फेट जोडतं ते हे डीऑक्सिसायटिडीन कायनेज. ही सवलत नसती तर ते औषधच झालं नसतं. आपल्या शरीराच्या बेफिकिरीवर एक अख्खी उपचारपद्धती उभी आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

२००७ मध्ये शिकागोच्या अर्नॉन लावी यांच्या प्रयोगशाळेने डाव्या रेणूसह या एन्झाइमची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा यामागचं कारण दिसलं. एन्झाइमच्या खोबणीत रेणूचा सायटोसीनचा भाग ओळखीच्या जागीच बसतो. उलटी साखर मध्ये जराशी वळून घेते. फॉस्फेट जिथे जोडायचा ते टोक मात्र योग्य ठिकाणी पोचतं. त्या टोकाला जागा मिळाली की एन्झाइमचं काम भागलं. साखर कोणत्या हाताची हे तपासण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती, कारण निसर्गात डावी साखर कधी समोर आलीच नाही. कुठलंच एन्झाइम रेणूला अख्खं ओळखत नाही. ते दोन-चार ठिकाणी चाचपतं आणि तेवढं जुळलं की पुढे जातं. ती चाचपणी साखरेच्या वळणावर पडली तर एन्झाइम कडक ठरतं, न पडली तर सैल.

दुसरा फॉस्फेट ठरावीक कायनेजकडून बसतो, त्यात विशेष काही नाही. तिसऱ्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शेवटचा फॉस्फेट जोडायला एक सर्वसाधारण एन्झाइम असतं आणि सगळे त्याच्याकडेच बोट दाखवत होते. चेंग यांच्या गटाने २००२-०३ मध्ये दाखवलं की डाव्या रेणूंच्या बाबतीत हे काम मुख्यतः फॉस्फोग्लिसरेट कायनेज करतं. म्हणजे कोण, तर आपण खाल्लेली साखर जाळून ऊर्जा करणाऱ्या साखळीतलं, कॉलेजच्या जीवशास्त्रातही भेटणारं एक अगदी घरगुती एन्झाइम. डीएनएशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण डाव्या रेणूचं शेवटचं टोक त्याच्या हाती जुळतं, एवढं त्याला पुरतं.

*

तीन फॉस्फेट झाले की रेणू रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजपुढे येतो. एचआयव्हीचं हे एन्झाइम आरएनएवरून डीएनए लिहितं, घाईत लिहितं आणि लिहिलेलं तपासत नाही. चूक खोडण्याची सोयच त्याच्याकडे नाही. लॅमिव्ह्युडीन ते डीऑक्सिसायटिडीन समजून धाग्याला जोडतं आणि धागा खुंटतो. आपल्या पेशीकेंद्रातली पॉलिमरेज एन्झाइमं डाव्या रेणूला सहसा हात लावत नाहीत. मायटोकॉन्ड्रियातलं गॅमा पॉलिमरेज, जे अशा औषधांना एरवी बळी पडतं, तेही लॅमिव्ह्युडीन फार नाखुशीने घेतं. एवढं करून चुकून एखादा डावा घटक आपल्या डीएनएच्या टोकाला लागलाच तर आणखी एक व्यवस्था आहे. डीएनएतली बिघडलेली जागा कापून काढणारं एक दुरुस्ती-एन्झाइम नेमके हेच डावे घटक टोकावरून छाटून टाकतं. चेंग यांच्या गटाचंच हे २००० सालचं काम.

पण विषाणूही बसून राहत नाही. लॅमिव्ह्युडीन एकटंच दिलं तर काही आठवड्यांत एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमध्ये एक बदल दिसू लागतो. जागा क्रमांक १८४. तिथे मेथिओनीन हे लांबट, लवचिक अमिनो आम्ल असतं. त्याच्या जागी आधी आयसोल्युसीन आणि मग व्हॅलीन येतं. व्हॅलीन आकाराने लहान आहे, पण पहिल्याच सांध्यावर त्याला फाटा फुटतो, आणि तो फाटा नेमका त्या बाजूला येतो जिथे डाव्या साखरेचं कडं टेकतं. उजवी साखर दुसऱ्या अंगाला असते, तिला फारशी अडचण होत नाही. डाव्या साखरेला मात्र तिथे बसायला जागा उरत नाही. रटगर्स विद्यापीठातल्या एडवर्ड आर्नॉल्ड यांच्या गटाने, ज्यात कल्याण दासही होते, १९९९ मध्ये स्फटिकरचनेवरून हे दाखवलं. या एका बदलाने लॅमिव्ह्युडीनचा असर शंभर पटींहूनही जास्त घटतो.

म्हणजे विषाणूने काय केलं, तर आयुष्यात पहिल्यांदा डावं-उजवं तपासायला सुरुवात केली. आजवर जी गरज पडली नव्हती ती एका गोळीमुळे पडली. आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली. १८४ वर व्हॅलीन असलेला विषाणू नक्कल करण्यात मागे पडतो आणि झिडोव्ह्युडीन व टेनोफोव्हिर या औषधांना जास्त बळी पडतो. म्हणूनच प्रयोगशाळेचा अहवाल 'लॅमिव्ह्युडीनला प्रतिरोध' असं सांगत असूनही डॉक्टर पुष्कळदा ते औषध चालूच ठेवतात. औषध काढलं तर जुना, तगडा विषाणू पुन्हा वर येतो. ठेवलं तर विषाणूला आपलं लंगडं रूप टिकवून ठेवावं लागतं. ज्या औषधाचा असर संपला म्हणतात तेच औषध देत राहण्यामागे इतका चोख हिशेब असल्याची उदाहरणं फार नाहीत.

हेपॅटायटिस बी विषाणूची गोष्ट याच्या शेजारची. यकृतात राहणारा हा विषाणूही आरएनएवरून डीएनए लिहितो, आणि लॅमिव्ह्युडीन त्यालाही अडवतं. १९९८ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला या आजारासाठीही परवानगी मिळाली, १०० मिलिग्रॅमच्या मात्रेत. पण इथे एकटं लॅमिव्ह्युडीन वर्षानुवर्षं देत राहिले, आणि पाच वर्षांत सुमारे सत्तर टक्के रुग्णांत प्रतिरोध दिसला. बदल तसाच, मेथिओनीनच्या जागी व्हॅलीन किंवा आयसोल्युसीन, फक्त जागेचा क्रमांक २०४. एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या दोन विषाणूंनी एकाच अडचणीवर एकच तोडगा काढला.

पाव्हियात तपासलेलं ते शुद्ध डावं थायमिडीनही पुढे औषध झालं. टेल्बिव्ह्युडीन या नावाने २००६ मध्ये ते हेपॅटायटिस बीसाठी बाजारात आलं. पण आरशातलं ते सगळं निर्धोक, असा समज इथेच मोडला. काही रुग्णांचे स्नायू दुखावले, कमजोर झाले. क्लेव्ह्युडीन या दुसऱ्या डाव्या औषधाला दक्षिण कोरियात परवानगी मिळाली होती. त्याच्या अमेरिकेतल्या चाचण्या स्नायूंच्याच आजारामुळे २००९ मध्ये थांबवल्या गेल्या. मायटोकॉन्ड्रियातलं थायमिडीन कायनेज दोन्ही बाजूंना मोकळं आहे, हे वर आलंच. जिथे शिरकाव सोपा तिथे धोकाही. अर्थात उजव्या बाजूचा इतिहास याहून भीषण आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फियालुरिडीन या उजव्या औषधाच्या चाचणीत १५ पैकी ५ रुग्ण दगावले आणि दोघांना यकृत बदलून वाचवावं लागलं. त्या औषधाने मायटोकॉन्ड्रियाचंच नुकसान केलं होतं.

*

१९९२ सालाचा उल्लेख इथवर तीनदा आला. त्याच वर्षी आणखी एक प्रयोग झाला आणि त्याचा निकाल बरोबर उलटा होता. स्टीफन केंट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत एचआयव्हीचंच दुसरं एक एन्झाइम, प्रोटिएज, ९९ उजव्या अमिनो आम्लांपासून रासायनिक पद्धतीने बांधलं. म्हणजे एन्झाइमच आरशातलं. त्याने आरशातलं प्रथिनच कापलं, नैसर्गिक प्रथिनाला स्पर्शही केला नाही. नैसर्गिक एन्झाइमने याच्या नेमकं उलट केलं. एकाच विषाणूच्या दोन एन्झाइमांपैकी प्रोटिएज डाव्या-उजव्यात एवढं पक्कं आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एवढं सैल. प्रोटिएज प्रथिनाच्या लांब पट्ट्याला अनेक ठिकाणी धरून ठेवतं, तिथे उलटं काही बसणं अवघड. न्यूक्लिओसाइडसारख्या आटोपशीर रेणूला मोजक्या ठिकाणी स्पर्श होतो.

केंट यांच्या वाटेने पुढे चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठात टिंग झू गेले. २०१६ मध्ये त्यांनी १७४ अमिनो आम्लांचं आरशातलं डीएनए पॉलिमरेज बांधलं आणि त्याच्याकरवी डाव्या डीएनएची नक्कल करून घेतली. २०२१ मध्ये ७७५ अमिनो आम्लांचं, म्हणजे बरंच मोठं आणि पक्कं पॉलिमरेज झालं. त्या गटाने डाव्या डीएनएत पाश्चरचा एक परिच्छेद साठवून ठेवला. शिवाय आवारातल्या तळ्याच्या पाण्यात दोन्ही बाजूंचा डीएनए टाकून पाहिला. उजवा एका दिवसात वाचता येईनासा झाला, डावा वर्षभरानंतरही वाचता आला. तळ्यातल्या जिवाणूंची डीएनए खाणारी एन्झाइमं डाव्या धाग्यापुढे हतबल ठरली.

या टिकाऊपणामुळेच भीतीही आली. २०२४ च्या डिसेंबरात ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात इशारा दिला. त्यांत टिंग झू यांच्या क्षेत्रातले लोक होते, नोबेलविजेते होते आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या दीपा आगाशेही होत्या. अख्खा आरशातला जिवाणू कोणी बनवू नये, असं त्यांचं म्हणणं. आपली प्रतिकारशक्ती, झाडांची संरक्षणं आणि जिवाणू खाणारे विषाणू, कोणीच त्याला नीट ओळखणार नाही, आणि तो पसरला तर आवरणार कोण? असा जिवाणू आज अस्तित्वात नाही आणि तो बनवणं अजून पुष्कळ दूर आहे. त्यांचा इशारा मला योग्य वाटतो. मात्र त्या वादात दोन्हीकडून 'ओळखणार' आणि 'ओळखणार नाही' असे जे सरसकट शब्द ऐकू येतात, ते लॅमिव्ह्युडीनच्या अनुभवाशी जुळत नाहीत. एकाच पेशीत एक थायमिडीन कायनेज नाही म्हणतं आणि दुसरं हो म्हणतं. एन्झाइमागणिक तपासल्याशिवाय कोणाचंही भाकीत मानू नये.

*

हा रेणू भारतात कसा पोचला, तेही थोडक्यात. देशातले पहिले एचआयव्ही संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांचं माहेर चेन्नईतलं मराठी गायतोंडे घराणं. नव्वदीच्या शेवटी तीन औषधांचा एकत्र उपचार प्रभावी ठरला, पण त्याचा खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर होता. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला डॉलरहून कमी किमतीत, देऊ केला. त्या तिघांत लॅमिव्ह्युडीन होतं. त्या वेळी भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त प्रक्रियेवर मिळे, म्हणून हे शक्य झालं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत औषध मिळू लागलं. सुरुवातीच्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं.

तेव्हापासून गोळीतली बाकीची नावं बदलली. स्टाव्ह्युडीन गेलं, कारण त्याने हातापायांच्या नसा दुखावत आणि चेहऱ्यावरची चरबी जात असे. नेव्हिरापीनही बहुतेकांच्या गोळीतून गेलं. लॅमिव्ह्युडीन मात्र राहिलं. संसर्ग होण्याआधीच घ्यायच्या गोळीत त्याचं भावंड एम्ट्रिसिटाबीन असतं.

शेवटी एक कामाची गोष्ट. ही एकच गोळी दोन विषाणूंना रोखते, आणि एचआयव्ही असलेल्या काही जणांच्या यकृतात हेपॅटायटिस बीही गुपचूप राहत असतो. अशा माणसाने बरं वाटतंय म्हणून किंवा दुसरी गोळी सुरू झाली म्हणून लॅमिव्ह्युडीन आणि टेनोफोव्हिर अचानक बंद केलं, तर यकृतातला विषाणू उसळतो, आणि ती उसळी जिवावर बेतू शकते. त्यामुळे तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी ही गोळी घेत असेल तर एकदा विचारा, हेपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजीची रक्ततपासणी झाली आहे का. झाली नसेल तर ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. आणि गोळी थांबवायची किंवा बदलायची असेल, तर आधी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला.